गोळेकाका

आमच्या लिफ्टमध्ये 'सहा माणसे, ४०८ किलो' अशी पाटी आहे. सोळा बिऱ्हाडांच्या आमच्या सोसायटीत ती पाटी आजवर एकाच माणसाने वाचलेली आहे. आम्ही नवीन राहायला आलो त्या आठवड्यातली गोष्ट. लिफ्टचं दार बंद होता होता एक हात आत आला, मग एक कापडी पिशवी, मग चष्मा, आणि मग सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ. आत आम्ही पाचजण होतो. त्यांनी एकेकाला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, ओठांतल्या ओठांत बेरीज केली आणि म्हणाले, "तुम्ही पंच्याहत्तर. हे नव्वदच्या खाली नाहीत. वहिनी... असो. माझ्या पिशवीत अकरा आहेत. तुम्ही व्हा पुढे, मी मागून येतो."

"अकरा काय?" मी विचारलं.

"किलो."

नवीन शेजारी म्हणून मला सौजन्य दाखवायची हौस आली. म्हटलं, "या हो, पिशवी माझ्याकडे द्या." त्यांनी दिली. पिशवी कुठल्याशा लग्नात मिळालेली, वधूवरांची नावं छापलेली, नारळ आणि ब्लाउजपीस मावेल एवढी. आत नारळच असावा अशा समजुतीने मी ती दोन बोटांत अडकवली. पुढच्या क्षणी माझा खांदा कमरेला भेटायला निघाला, पिशवी खाली गेली आणि लिफ्टच्या दारातली फरशी फुटली. काका वाकले, पिशवीत हात घालून आतली वस्तू चाचपली आणि हायसं वाटून म्हणाले, "काही झालं नाही. याने बुरूज फोडलेत, तुमच्या फरशीने याला काय होतंय!"

फरशीचे साडेतीनशे रुपये त्यांनी त्याच संध्याकाळी भरले आणि पावती मागून घेतली. ती पावती आजही त्या गोळ्याच्या फायलीत आहे. 'खरेदीनंतरचा खर्च' या सदराखाली.

यांचं आडनाव गोळे नाही. ते काय आहे हे आता दारावरच्या पाटीखेरीज कुणाला आठवत नाही. एकदा एका गोळे घराण्याच्या कुलसंमेलनाची पत्रिका चुकून त्यांच्याकडे आली आणि काका गेलेही. दोन तास बसून परत आले. मी विचारलं, "कसं झालं?" म्हणाले, "जेवण उत्तम. पण विषयाला कुणी हातच घातला नाही."

त्यांचा विषय म्हणजे तोफेचे गोळे. तोफा नव्हेत. तोफेबद्दल त्यांना काहीसा तिटकाराच आहे. "तोफ काय, बसल्या जागी असते. माणसं येतात, तिच्यावर पोरांना बसवून फोटो काढतात. गोळ्याचा विचार कुणी करतो का? श्रेय सगळं तोफेला, आणि आपटायचं कुणी? गोळ्याने." हे बोलताना ते सरकारी नोकरीतल्या एखाद्या कनिष्ठ माणसाबद्दल बोलत असावेत असं वाटतं.

वजनमापे खात्यात त्यांनी तीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली. बाजारात जायचं, तराजू तपासायचा, वजनांवर शिक्का आहे की नाही बघायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर बाजार सुटला, पण तपासणी सुटली नाही. फरक इतकाच की आधी ते शेर आणि किलो बोलायचे, आता पौंडांत बोलतात. जगातली प्रत्येक गोल वस्तू त्यांच्या लेखी कुठल्या ना कुठल्या तोफेत जाण्यासाठी जन्माला आलेली आहे. दिवाळीत आमच्याकडे आले की बुंदीचा लाडू आधी दोन बोटांत धरून फिरवतात. "एक पौंडी. व्यासाने हं, वजनाने नव्हे. एक पौंडी गोळा पावणेदोन-दोन इंचाचा असतो." मोसंबं सहा पौंडी. बेलफळ बारा पौंडी. "आणि चोवीस पौंडी म्हणजे केवढा असेल सांगा?" हा प्रश्न ते प्रत्येक नव्या पाहुण्याला विचारतात. पाहुणा हात पसरून साधारण कलिंगडाएवढा आकार दाखवतो. काका याच क्षणासाठी जगतात. "साडेपाच इंच फक्त! मोठा नारळ. पण अकरा किलो. व्यास दुप्पट केला की वजन आठपट होतं, हे लोकांच्या लक्षातच येत नाही."

या आठपटीच्या नियमाचा व्यवहारात एकच उपयोग झालेला मी पाहिला आहे. नगावर कलिंगड विकणाऱ्याकडून काका नेहमी सर्वांत मोठं उचलतात आणि त्याला सांगतात, "तुझा धंदा बुडणार. व्यासाचा घन करायला शीक." विकणारा म्हणतो, "हो काका, संध्याकाळी करतो."

घरात सदतीस गोळे आहेत. तिसरा मजला. खोलीच्या मधोमध एकही नाही, सगळे भिंतीच्या कडेला, खालून तुळई गेली आहे त्या रेषेवर. सोसायटीने स्लॅबबद्दल नोटीस दिली तेव्हा काकांनी इमारतीचा मूळ नकाशा जोडून तीन पानी उत्तर दिलं होतं. त्याचा सारांश असा की, सदतीस गोळ्यांचं एकूण वजन चौथ्या मजल्यावरच्या वाढदिवसाला जमणाऱ्या पाहुण्यांपेक्षा पुष्कळ कमी आहे आणि गोळे नाचत नाहीत.

गोल वस्तू घरंगळते, म्हणून प्रत्येक गोळ्याखाली चुंबळ. या चुंबळी काकूंच्या जुन्या साड्यांच्या. त्यामुळे काकूंच्या संसाराचा सगळा इतिहास त्या भिंतीकडेला मांडून ठेवलेला दिसतो. मंगळागौरीच्या इरकलीवर अठरा पौंडी बसलेला, मुलीच्या बारशाच्या साडीवर दोन सहा पौंडी शेजारीशेजारी. "मला साड्या किती दिल्या ते विचारू नका," काकू सांगतात, "माझ्याकडून घेतल्या किती ते मोजा." घरकामाच्या बाईने गोळ्यांचे वेगळे पैसे लावले आहेत. पुसायचे महिन्याला दोनशे, हलवून पुसायचे असतील तर चारशे. काकांना हा दर रास्त वाटतो, कारण त्यात वजनाचा विचार आहे.

काकू मुळात या सगळ्याला सरावलेल्या होत्या, कारण त्यांची सुरुवातच तशी झाली. लग्नानंतर महाबळेश्वरला नेतो असं सांगून काकांनी त्यांना विजापूरला नेलं. तिथे बुरुजावर मलिक-ए-मैदान आहे. पंचधातूची, पंचावन्न टनांच्या घरातली, सिंहाच्या जबड्यात हत्ती धरलेली. ही तोफ विजापूरची नव्हे, आपल्या नगरची. १५४९ साली निजामशाहीत मुहम्मद बिन हसन रूमी याने ओतली. काकूंच्या हातांवरची मेंदी अजून गेली नव्हती आणि नवरा तोफेच्या तोंडात कमरेपर्यंत शिरून आतून ओरडत होता, "सव्वादोन फूट! आतला व्यास सव्वादोन फुटांच्या वर आहे!" बाहेर उभ्या असलेल्या वाटाड्याने काकूंना माहिती पुरवली. तालिकोटच्या लढाईत निजामशाहीच्या गोलंदाजाने तोफांत गोळ्यांऐवजी तांब्याची नाणी भरून उडवली, असं इतिहासकार फिरिश्त्याने लिहून ठेवलं आहे, म्हणे. काकू अजूनही म्हणतात, "तेव्हाच ओळखायला हवं होतं. तोफेत पैसे घालायची रीत जुनीच आहे."

पण छंदाची खरी सुरुवात विजापूरची नाही. ती सांगताना काकांचा आवाज खाली येतो, आणि त्यांचा आवाज खाली येणं ही दुर्मीळ गोष्ट आहे.

नोकरीतली पहिलीदुसरी वर्षं. एका आठवडी बाजारात तपासणी चालली होती. कांदा-लसणाच्या व्यापाऱ्याकडे शिक्क्याची वजनं अगदी चोख होती. पाच किलोचं वजन ग्रॅमला ग्रॅम बरोबर. काका निघणार, एवढ्यात पोत्यामागे एक लोखंडी गोळा दिसला. काळा, खडबडीत, एका बाजूला टवका उडालेला. "हे काय?" "काही नाही साहेब, पोतं उडू नये म्हणून ठेवलाय." कांद्याचं पोतं उडतं ही माहिती काकांना नवीन होती. त्यांनी गोळा उचलून तराजूत टाकला. पाच किलो तीनशे. मग उलगडा झाला. गिऱ्हाइकाला विकताना सरकारी शिक्क्याचं वजन, शेतकऱ्याकडून घेताना हा गोळा. पाच किलो म्हणून तीनशे ग्रॅम जास्तीचा माल घ्यायचा. व्यापाऱ्याच्या आजोबांपासूनचा गोळा तो, आजोबा त्याला शेरांत चालवायचे.

काकांनी पंचनामा केला, गोळा जप्त केला आणि मग कचेरीत बसून सहज आकडेमोड केली. बारा पौंड म्हणजे पाच किलो चारशे त्रेचाळीस ग्रॅम. गंजाने दीडशे ग्रॅम खाल्ले असं धरलं तर? पट्टीने मोजलं. साडेचार इंचाला जरा कमी. इंग्रजी बारा पौंडी गोळा, अगदी तोच. "इंग्रज आले, हा गोळा टाकून गेले," काका म्हणतात, "आणि गोळ्याने पुढे सव्वाशे वर्षं त्यांचंच काम चालू ठेवलं."

खटला चालला, व्यापाऱ्याला दंड झाला. मुद्देमालाचं पुढे जे होतं तेच झालं, तो गेला भंगारात. काका तो विकत घेऊ शकले असते का? ते म्हणतात, नाही. जप्त करणाऱ्यानेच माल घ्यायचा, हे त्यांच्या तराजूत बसत नव्हतं. पण रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून दर रविवारी आणि बुधवारी काका जुन्या बाजारात जातात. सदतीस गोळे जमले ते वाटेत भेटले म्हणून. शोध त्या एकाचा आहे, एका बाजूला टवका उडालेल्या पाच किलो तीनशेचा.

पुण्याचा जुना बाजार ज्याने पाहिला नाही त्याला काका कळणार नाहीत. तिथे एका पथारीवर बंद पडलेली घड्याळं, पितळी कडीकोयंडे, एका पायाचा बूट आणि स्टीलचे डबे सुखाने नांदत असतात. विक्रेते काकांना शंभर पावलांवरून ओळखतात आणि किंमत वाढवून ठेवतात. वर प्रत्येक गोळ्याला वंशावळ चिकटवलेली असते.

"साहेब, महाराजांचा गोळा. रायगडावरचा."

काकांच्या संयमाची इथे परीक्षा असते, आणि ते दर आठवड्याला तिच्यात नापास होतात. पथारीसमोर उकिडवे बसून ते म्हणतात, "बाळा, नीट ऐक. महाराजांचा गोळा रायगडावर कसा सापडेल? महाराजांनी तो मारला तर तो जाऊन पडणार शत्रूकडे. रायगडावर सापडला तर मारणारा कोण? १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी गडावर गोळे टाकले, वाडा पेटला. म्हणजे गोळा कुणाचा?"

"इंग्रजांचा, साहेब."

"मग?"

"मग इंग्रजांचा म्हणून द्या आठशे."

काकांचा हा सिद्धान्त मला त्यांच्या सगळ्या संग्रहापेक्षा मोलाचा वाटतो. तोफ आपल्या घरी राहते, गोळा परक्याच्या घरी मुक्कामाला जातो. आपल्या गडांवर जे लोखंड पडलेलं आहे ते बहुतेक आपल्यावर आलेलं आहे. आपलं शोधायचं तर दुसऱ्यांच्या दारात जायला हवं. त्यामुळे टिळक पुण्यतिथीला न चुकता टोपी घालणाऱ्या या माणसाच्या घरात जवळजवळ सगळं लोखंड इंग्रजी आहे. अपवाद एकाचा. लहानसा, घडीव. ओतलेला नव्हे, लोहाराने ठोकून ठोकून गोल केलेला. त्यामुळे पुरता गोल न झालेला. चुंबळीवरून काढून जमिनीवर ठेवला तर सरळ जात नाही, वाकडा वळतो आणि कपाटाखाली शिरतो. "हा आपला," काका अभिमानाने सांगतात. "दिसतंच आहे," काकू म्हणतात.

सिंहगडाला मात्र ते दर महिन्याला जातात. १८१८ च्या वेढ्याचे आकडे त्यांना रामरक्षेसारखे पाठ आहेत. आत किल्लेदाराकडे अकराशे माणूस, त्यात सातशे गोसावी आणि चारशे अरब. बाहेरून इंग्रजांनी उडवलेले कुलपी गोळे १,४१७ आणि भरीव गोळे २,२८१. एकूण ३,६९८. मग पांढरं निशाण. पिठलं-भाकरी खाताना ते डोंगराच्या उताराकडे बघत हिशेब मांडतात. भंगारवाल्यांनी इतके नेले असतील, पावसाने इतके मातीत गाडले असतील, बाकी आहेत, इथेच आहेत. एकदा आम्ही बरोबर असताना पायवाटेच्या कडेला धुपलेल्या मातीतून काळा, गोल असा काहीतरी भाग वर आलेला दिसला. काका खाली बसले. बोटाने माती बाजूला केली नाही, नुसतं बघत राहिले. मी म्हटलं, "घ्या की! कुणी नाहीये." काका माझ्याकडे असे वळले की मला माझ्या घरातली सगळी वजनं आठवली.

"संरक्षित स्मारक आहे हे. गडावरचं गडावर."

उतरताना त्यांनी तीनदा मागे वळून पाहिलं. पुढच्या महिन्यात त्याच जागी गेलो तर दगड होता. काळा, गोल, साधा दगड. काकांना इतका आनंद झालेला मी क्वचितच पाहिला आहे.

अस्सल गोळा कसा ओळखायचा याचं शिक्षण मला जिन्यात, लिफ्टमध्ये, एकदा तर अंत्ययात्रेत मिळालेलं आहे. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे गोळ्याच्या पोटावरून बारीक शिवण जाते. लोखंड ओतलं तिथे देठ मोडल्यासारखी खूण राहते. ओतीव लोखंडाचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा असतो. फार गुळगुळीत, फार गोल, फार देखणा असेल तर संशय घ्यावा. "स्थळासारखंच," काकू आतून भर घालतात. लोक काकांकडे तपासायला काय काय आणतात! कुंपणाच्या खांबावरची शोभेची गोटी, जात्याचा तुकडा, आणि दर पावसाळ्यात कुणीतरी गोळाफेकीचा गोळा. हा तर ते दारातूनच परत करतात. "सात किलो दोनशे साठ ग्रॅम. शाळेच्या क्रीडाशिक्षकांना नेऊन द्या, ते शोधत असतील." मग थोडं थांबून, "पण सोळा पौंड बरोबर आहे. इंग्रज गेले तरी सोळा पौंड गेले नाहीत."

कुलपी गोळ्याचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, जरी सगळी सोसायटी त्यावर आजही हसते. भरीव गोळा नुसता आपटतो. कुलपी पोकळ असतो, पोटात दारू, तोंडाला वात. एका बुधवारी काकांनी बाजारातून एक गोळा घेतला आणि रिक्षात बसल्यावर मांडीवर ठेवून अंदाज घेतला. आकार साडेपाच इंच. म्हणजे अकरा किलो हवा. मांडी म्हणत होती, सात-साडेसात. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांची मांडी कधी चुकली नव्हती. त्यांनी बोट फिरवून पाहिलं. एका जागी गंजाने बुजलेलं भोक.

दुसरा कुणी असता तर घरी जाऊन त्याने खिळा घालून भोक मोकळं केलं असतं. २००८ साली अमेरिकेत व्हर्जिनियात एका जाणत्या संग्राहकाचा असाच अंत झाला. तिथल्या यादवी युद्धातला गोळा साफ करताना तो उडाला. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही ती पेट घेते. हे काकांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी रिक्षावाल्याला "खड्डे चुकव" एवढंच सांगितलं. कारण कळलं असतं तर त्याने खड्ड्यांबरोबर काकांनाही चुकवलं असतं. गोळा वर न नेता त्यांनी सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत वाळूच्या ढिगावर ठेवला, भोवती खडूने रेघ मारली, आपल्या वळणदार अक्षरात 'हात लावू नये' असा पुठ्ठा लावला आणि स्वतःच पोलिसांना फोन केला.

तासाभरात बॉम्बशोधक पथक आलं. आम्ही सगळे रस्त्यापलीकडे. कुणी तुळशीवृंदावन घेऊन उतरलं होतं, कुणी लॅपटॉप, चौथ्या मजल्यावरचे जोशी फोडणी दिलेली कढई घेऊन. पथकाचं कुत्रं मोठ्या ऐटीत आत गेलं, वाळूच्या ढिगाजवळून हुंगत हुंगत पुढे सरकलं आणि थेट तळमजल्यावरच्या चेअरमनच्या कोठीच्या दारापुढे जाऊन बसलं. हलेना. दार उघडलं. आत दिवाळीचे उरलेले सुतळी बॉम्ब, दोन खोकी. सोसायटीच्या आवारात फटाके साठवू नयेत, ही नोटीस चेअरमननीच काढलेली होती, आणि तिची प्रत कोठीच्या दाराला आतल्या बाजूने लावलेली होती.

गोळ्याच्या पोटात शेवटी नुसती माती निघाली, असं काकांना पुढे कळलं. गोळा गेला तो वाळूच्या बादलीतून, त्याची पोच काकांकडे आहे. पण पथकातल्या कुणाहीबद्दल काकांची तक्रार नाही. "शिस्तीचे लोक, एकेक पाऊल मोजून." तक्रार आहे ती पंचनाम्याबद्दल. त्यात लिहिलं होतं, 'एक लोखंडी गोल वस्तू, जुनी.' काका अजून हळहळतात. "व्यास नाही, वजन नाही. नुसतं 'गोल'! अहो, पृथ्वीसुद्धा गोल आहे."

या सगळ्या सदतिसांत काकांचा सर्वांत लाडका होता सातव्या क्रमांकाचा. नऊ पौंडी. अकरा वर्षांपूर्वी सातशे रुपयांना घेतलेला. चार इंचांचा, वजन चार किलो शंभर ग्रॅम. पुस्तकी नऊ पौंडीत आणि त्यात वीस ग्रॅमचा फरक. दोनशे वर्षांत गंजाने ज्याला शिवलं नाही असा गोळा! शिवण नाही, देठाची खूण नाही, हात फिरवला तर साईसारखा. त्याची जागा भिंतीकडेला नव्हती, दिवाणखान्यात शोकेसमध्ये होती, काकूंच्या लग्नातल्या पैठणीच्या चुंबळीवर. काकूंनी एकदाच, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, चक्क्यावर वजन ठेवायला तो मागितला होता. वरवंटा फुटला होता. काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले ते एवढंच, "श्रीखंडासाठी?"

शिवण नसलेला, फार गोल, फार देखणा. त्यांचेच नियम. मला ते दिसत होतं, काकूंना दिसत होतं. काकांना दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. बाकी छत्तीस गोळ्यांच्या फायलीत घनतेचा रकाना भरलेला आहे. सातव्याच्या फायलीत तेवढा कोरा होता.

गेल्या माघात मुलीचं लग्न ठरलं. ठरलं म्हणजे तिने ठरवलेलंच होतं, बोलणी करायला मुलाकडचे चंद्रपूरहून आले. मुलाचे वडील सिमेंट कारखान्यातून निवृत्त झालेले, सारी नोकरी यंत्रांच्या देखभालीत गेलेली. कांदेपोहे झाले. काकूंनी दोनदा डोळ्यांनी बजावलं होतं, गोळ्यांचा विषय नको. काकांनीही तो काढला नाही. पण व्याह्यांची नजर शोकेसवर गेली, ते उठले, काच सरकवली आणि नऊ पौंडी तळहातावर घेऊन असे हसले, जसं परगावी आपल्या गल्लीतलं माणूस भेटावं.

"अरे वा! हा तं आमच्या मिलचा गोळा होय ना जी!"

खोलीत कुणी हललं नाही. काकूंनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

व्याही रंगात आले. सिमेंटची बॉलमिल म्हणजे आडवा फिरणारा एक भलाथोरला लोखंडी नळा. त्यात क्लिंकर घालायचं आणि असे पोलादी गोळे टनावारी सोडायचे. नळा फिरला की गोळे वर चढतात, धबाधब पडतात आणि क्लिंकरचा चुरा करतात. पहिल्या खणात मोठे, पुढच्या खणांत लहान लहान. झिजले की भंगारात. "शंभर एमेम आहे हा, बरोबर? उमर गेली माझी यांच्यात. आवाजावरून सांगायचो मी, मिल उपाशी हाय का भरपेट."

काका उठले. मला वाटलं, लग्न मोडलं. पण ते आत जाऊन व्हर्नियर, काट्याचा तराजू आणि पाण्याची बादली घेऊन आले. नऊ पौंडी सुतळीच्या जाळीत बांधला. हवेत वजन चार किलो शंभर. पाण्यात बुडवून तीन किलो पाचशे सत्त्याहत्तर. पाण्याने उचलले पाचशे तेवीस ग्रॅम. "म्हणजे सात पूर्णांक चौऱ्याऐंशी," काका म्हणाले. "ओतीव लोखंड सात पूर्णांक दोनच्या पुढे फारसं जात नाही."

"पोलाद," व्याही म्हणाले.

"पोलाद," काका म्हणाले.

मग हे दोन्ही गृहस्थ बादलीवर ओणवे होऊन जे बसले ते दीड तास उठले नाहीत. व्याह्यांना बारा पौंडी आवडला, पण लोखंडात गंधक फार असावं असं त्यांचं मत पडलं. घडीव गोळा त्यांनी कानाशी धरून किल्लीने वाजवला. मुलगा-मुलगी केव्हाच गच्चीत गेली होती. देण्याघेण्याचं काय, मानपानाचं काय, हे कुणी विचारलंच नाही. काकूंनी आणि विहीणबाईंनी स्वयंपाकघरात पंचांग उघडून तारीख ठरवून टाकली.

पाहुणे गेल्यावर काकांनी नोंदवही काढली. अनुक्रमांक सातवरची 'नऊ पौंडी, अव्वल इंग्रजी अमदानी, किल्ले रायगड (?)' ही ओळ पट्टी लावून खोडली. खाली लिहिलं, 'बॉलमिलचा गोळा, पोलादी, शंभर मिलिमीटर, सिमेंट कारखाना, बहुधा चंद्रपूर जिल्हा. अस्सल. परीक्षक : व्याही.' आणि कोऱ्या रकान्यात ७.८४.

पाडव्याला काकूंचा निरोप आला म्हणून मी वाटी घेऊन वर गेलो. ओट्यावर चाळणी, चाळणीत फडक्यात बांधलेला दुसऱ्या घाण्याचा चक्का, चक्क्यावर ताटली आणि ताटलीत, पैठणीच्या चुंबळीसकट, अनुक्रमांक सात. काका शेजारी स्टुलावर बसून खाली ठेवलेल्या पातेल्यातलं पाणी मोजपात्रात ओतत होते.

"वरवंट्यापेक्षा सव्वा पट पाणी काढतो," ते म्हणाले. "पण बारा पौंडी ठेवला असता तर..."

"नाव काढाल तर बघा," काकू म्हणाल्या.